अकरा गुरुवार

काल दिवसभर दगडासारखा बसलेला सहावा आकडा शुक्रवारी सकाळी सव्वानऊला हलला, आणि कस्तुराला आधी वाटलं, आपल्याच डोळ्यांत पाणी आलंय. हल्ली ते न सांगता येई. कांदा नको, धूर नको. बसमध्ये, नळावर, सोल्डरिंग करताना, पाहुण्यासारखं यायचं आणि घर आपलंच असल्यासारखं बसायचं. तिने पदराने डोळे टिपले आणि पुन्हा पाहिलं. अठ्ठ्याण्णव. एकशे तीन. एक्क्याण्णव. अठ्ठ्याण्णव. एकशे दहा. डोळे कोरडे होते आणि आकडा नाचत होता. पुढे हॉटप्लेटवर जर्मनच्या पातेल्यात पाणी रटरटत होतं, त्यात यंत्राच्या सातही वायरींची टोकं एका जुडीने सोडलेली होती, आणि एकाच पातेल्यातलं एकच पाणी सहाव्या टोकाला घटकेत गार आणि घटकेत वाफेहून गरम लागत होतं, असं यंत्राचं म्हणणं होतं. मागे यशवंतराव उभे होते. शेड त्यांची, यंत्र त्यांचं, उद्या येणारं गिऱ्हाईकही त्यांचं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला. म्हणजे त्यांनाही आधी आपल्याच डोळ्यांचा संशय आला होता.

"काल ठीक होतं ना, कस्तुराबाई?"

"व्हय साहेब. काल दिवसभर अठ्ठ्याण्णव. जरा म्हणून हललं न्हाई."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी असंच नाचत व्हतं. म्हणून तर काल सुट्टीचं येऊन सगळे जोड पुन्यांदा केले मी."

"म्हणजे जोडांचा दोष नव्हता," यशवंतराव म्हणाले. ते रागावत नसत. रागावले असते तर बरं झालं असतं असं वाटायला लावणारी माणसं असतात, त्यांतले ते होते.

यंत्र पिंपरीतल्या एका फाउंड्रीसाठी होतं. भट्टीच्या सात ठिकाणची उष्णता सात वायरींनी आत यायची; आठवी जागा पुढेमागे लागली तर म्हणून रिकामी ठेवलेली. आत मोजणारा मात्र एकच. तो एकेकीच्या दाराशी जायचा, क्षणभर थांबायचा, तिचं ऐकून घ्यायचा, ऐकलेल्याचा आकडा करून पुढच्या काचेवर लाल अक्षरांत टाकायचा आणि पुढच्या दाराशी जायचा. त्या चिपला शेडमध्ये सगळे कन्व्हर्टर म्हणत. यंत्र रचणारा भिवा तिला तलाठी म्हणायचा. "आठ घरं आणि एक तलाठी. घाईत असला की ह्या घरचं त्या घरच्या नावावर लिहितो. त्याला प्रत्येक दारात जरा बसू द्यावं लागतं, पाणी द्यावं लागतं," असं म्हणत त्याने त्या थांबण्याचा वेळ वाढवला होता, एक इवलासा कपॅसिटर बदलून. भोसरीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये असं यंत्र आधी कुणी बनवलं नव्हतं. रोजची कामं साध्या पॅनेलांची. हे नवीन होतं, अवघड होतं, आणि भिवाचं होतं. तो बारा फेब्रुवारीला गेला. आज मार्चची बारा. महिना झाला, हे इथे कस्तुराशिवाय कुणाच्या ध्यानात नव्हतं, आणि तिच्या ध्यानात असायचं काही कारण नव्हतं.

यशवंतरावांनी चाचणीची वही उघडली. लाल कापडाच्या कण्याची, भिवाच्या तिरप्या अक्षरातली. शेडचा नियम जुना होता: एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा, खाली दोघांनी सह्या करायच्या. एकटा माणूस आकडा आपल्या मनासारखा वाचतो, असं यशवंतरावांचं मत होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"अकरा पानं," ते म्हणाले. "सगळीकडे अठ्ठ्याण्णव. एकही आकडा हललेला नाही. आणि समोर हे यंत्र बघा. लिहिणाऱ्याची सही आहे, भिवाची. वाचणाऱ्याची कुठे आहे? अकराच्या अकरा ठिकाणी कोरी." वही त्यांनी अलगद मिटली. "माणूस चांगला होता. पण चांगला माणूसही थकतो. घरी बसून पानं भरली असतील. उद्या फाउंड्रीचा इंजिनियर येतोय, त्याच्यापुढे ही ठेवता येणार नाही. मला लिहावं लागेल की आधीच्या चाचण्या धरू नयेत."

"म्हंजी खोट्या."

"मी तो शब्द वापरणार नाही."

"पन म्हंजी त्योच."

"तुमच्याकडे चारपर्यंत वेळ आहे," यशवंतराव म्हणाले, आणि आपल्या काचेच्या केबिनमध्ये गेले.

शेजारच्या बाकावर चिमाबाई ट्रान्सफॉर्मर गुंडाळत होती. भोसरी गावातली, कस्तुरापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ. "मेल्यालं मानूस लई सोयीचं असतं बाई," ती गुंडाळी न थांबवता म्हणाली. "उलटून बोलत न्हाई, रजा मागत न्हाई. समदं त्याच्या नावावर टाकावं." मग कस्तुराकडे न बघता, "तू कशापायी पांढरी पडलीस? तुला कुनी खोटं म्हनलं व्हय?"

कस्तुराने आठव्या दाराकडे पाहिलं. तिथे काहीही जोडलेलं नव्हतं आणि तरी आकडा होता. चौऱ्याण्णव, एकशे एक, अठ्ठ्याऐंशी. सहावीचा गोंधळ तलाठ्याच्या बगलेतून सातवीला ओलांडून आठवीत सांडत होता, आणि आठवी, जिला ना टोक ना पातेलं, शेजारणीची उष्णता आपली म्हणून सांगत होती. हे तिला डेटाबुकात, चिपच्या माहितीच्या इंग्रजी पुस्तकात, दोन महिन्यांपूर्वीच सापडलं होतं, डिक्शनरी मांडीवर घेऊन, एकेक शब्द टिपत. मोकळी सोडलेली जागा मोकळी राहत नाही. जे काही जवळून जातं ते ती धरून बसते. भिवाला तिने वाचून दाखवलं तेव्हा तो कितीतरी वेळ पुस्तकाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग काय करायचं म्हणतात?" ती म्हणाली, "जमिनीला बांधायची. म्हंजी शून्य दाखवील." "बघू नंतर," तो म्हणाला, आणि ते नंतर राहूनच गेलं. आता तिने तांब्याचा बोटभर तुकडा घेतला, आठव्या जागेपासून जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, खिळीपर्यंत वाकवला आणि सोल्डरचा थेंब ठेवला. आठवी शून्यावर गेली. तिथेच राहिली. एवढं सोपं असतं ते, कस्तुराच्या मनात आलं, एका तुकड्याचं काम; माणसाला असा तुकडा कुठे लावायचा ते कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही.

आकडे लिहिलेले खरे होते. हे सांगायला जगात एकच माणूस होतं, आणि ते तोंड मिटून बाकाशी बसलं होतं. अकराच्या अकरा वेळा अठ्ठ्याण्णव मोठ्याने वाचलं होतं ते तिने. "एक, अठ्ठ्याण्णव. दोन, अठ्ठ्याण्णव." तिचा आवाज पत्र्याखाली घुमायचा आणि तो लिहायचा, दर आकड्याला "हं" म्हणत. पुस्तकात उकळत्या पाण्याला शंभर लिहिलंय, मग इथे दोन कमी का, असं पहिल्या दिवशी तिने विचारलं तेव्हा त्याने पेन्सिल कानामागे ठेवून सांगितलं होतं, "शंभर समुद्राच्या काठाला. आपण डोंगरावर राहतो. इथं पाण्याला तेवढी कळ काढावी लागत नाही, आधीच उकळतं." मग टोकं बाहेर काढून त्याच पाण्यात त्याने चहा टाकला. "सगळं निर्जंतुक झालंय," तो म्हणाला. चहाला तांब्याचा वास येत होता. तसा चहा ती नंतर दहा वेळा प्यायली, आणि महिनाभर कुठलाच चहा तिला चहासारखा लागला नव्हता.

रोजच्या कामातून या यंत्राला वेळ मिळत नव्हता, म्हणून गुरुवार. गुरुवारी अख्ख्या भोसरीच्या वसाहतीला सुट्टी. विजेची ओढाताण, मोठी मोटार चालवायला बंदी, दिव्याची लाइन तेवढी चालू. लेथ गप्प, प्रेस गप्प, रस्त्यावर कुत्री आडवी पडलेली. किल्ली भिवाकडे असायची. पहिल्या गुरुवारी त्याने सगळ्यांच्या देखतच विचारलं होतं, "वाचायला कुणी येईल का? दोन तासांचं काम." सुट्टीचं कोण येतंय. कस्तुरा येते म्हणाली नाही, नुसती आली. दिघीला ती ज्यांच्या खोलीत राहायची त्या आक्काबाईंनी तिला दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दारात गाठलं, "पहाटेच डोक्यावरनं न्हातेस, पांढरं लुगडं नेसतेस, गुरुवार धरलास का गं? तुमच्यात तर नसतं असलं काही." "न्हाई ओ, ओव्हरटाइम," कस्तुरा म्हणाली, आणि बस येईपर्यंत तिच्या कानाच्या पाळ्या गरम राहिल्या. एकोणचाळीस वर्षांची बाई, लेक लग्न होऊन परभणीकडे गेलेली, नवरा दुष्काळाच्या साली काविळीने गेलेला, त्या दिवसापासून जिने आपल्याला काही होतं ही गोष्टच सोडून दिली होती. आणि खरं तर झालं काहीच नव्हतं. हे ती स्वतःला इतक्यांदा सांगायची की सांगताना हसू यायचं. तो भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा आणायचा, ती भाकरी आणि ठेचा. ती डेटाबुकातलं वाचायची, तो तिच्या चुकीच्या उच्चारातून बरोबर अर्थ काढायचा. एकदा सोल्डरचा थेंब तिच्या अंगठ्यावर पडला तेव्हा त्याने तो अंगठा धरला, फुंकर घातली, आणि फुंकर संपल्यावरही धरून ठेवला, पाच मोजेपर्यंत. तिने मोजले होते. मग दोघांनीही एकदमच यंत्राकडे पाहिलं. एवढंच. बाकी दिवस ती सगळ्यांसारखी त्याला भिवाभाऊ म्हणे. गुरुवारी ती त्याला कशानेच हाक मारत नसे, आणि तो ओ देत असे.

वाचणाऱ्याची सही पहिल्याच गुरुवारी राहिली. वही पुढे करून तो थांबला, तीही थांबली. शेडमध्ये एक बाई आणि एक बाप्या सुट्टीच्या दिवशी, हे कागदावर आलं की काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. देहूरोडला त्याचं घर होतं, बायको होती, दोन पोरं शाळेत जात होती. "मागनं करू," तो म्हणाला. अकरा वेळा मागनं करू. आणि बारा फेब्रुवारीला, शुक्रवारी सकाळी, देहूरोडहून येणाऱ्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला तो निगडीला कंडक्टरने खांद्याला हात लावला तेव्हा उठला नाही.

तिसऱ्या दिवशी कंपनीची माणसं टेम्पोने देहूरोडला गेली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मेणबत्ती, भिवाचा पासपोर्ट-साइझवरून मोठा केलेला फोटो, ज्यात तो कुणीतरी दटावल्यासारखा दिसत होता. कस्तुरा बायकांत मागे बसली, दाराजवळ, चपलांच्या बाजूला. रडायची तिची पाळी नव्हती. रडण्यालाही नातं लागतं, आणि तिचं नातं काय, तर ती पाचव्या बाकावरची कस्तुराबाई. भिवाची बायको कौशल्याबाई, बारीक अंगाची, डोळे सुजून बंद व्हायला आलेले, एकेकीचे हात धरत होती. कस्तुराचे हात धरले तेव्हा म्हणाली, "तुमी बी कंपनीतल्याच?"

"व्हय."

"गुरुवारचं बी जायाचे ओ. जेवायला घरी नसायचेच. म्हनायचे, ह्ये यंत्र झालं की समदे गुरुवार तुझे." आणि मग, हात न सोडता, "कोन कोन असायचं तिथं गुरुवारी?"

तो प्रश्न साधा होता. त्या बाईला बहुतेक एवढंच हवं होतं, की नवऱ्याचा शेवटचा सुट्टीचा दिवस पाहिलेलं कुणीतरी आपल्याला तो सांगावा. त्याने काय खाल्लं, हसला का, छातीत दुखतंय म्हणाला का. आणि हे सगळं कस्तुराकडे होतं, पदराच्या गाठीत बांधल्यासारखं. शेंगा खाल्ल्या. दोनदा हसला. पाठीत उसण भरलीय म्हणाला, आणि मी म्हणाले, वाकून बसता म्हणून. हे शेवटचं तिला रोज पहाटे जागं करायचं. ती म्हणाली, "मला न्हाई म्हाईत, बाई. मी गुरुवारी नसते."

तेवढ्या एका वाक्यात तिने स्वतःला पुसून टाकलं, आणि वहीतल्या कोऱ्या जागांवर शिक्कामोर्तब केलं. परत येताना टेम्पोत चिमाबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि भोसरी येईपर्यंत काढला नव्हता. का ते तिने विचारलं नाही, चिमाबाईने सांगितलं नाही.

शुक्रवारचे अकरा वाजले. कस्तुराने यंत्रातलं सर्किटचं कार्ड बदललं. आकडा नाचतच राहिला. सप्लायच्या तारेवर मीटर लावला. बारा व्होल्ट, बोट ठेवल्यासारखे. पाचवी आणि सहावी वायर आपसांत बदलून पाहिली. गोंधळ पाचव्या आकड्यात गेला, म्हणजे तलाठी निर्दोष होता, रोग वायरीबरोबर हिंडत होता. पण वायर तर अखंड होती. ओढून पाहिली, वाकवून पाहिली, दाताने चावूनही पाहिली. भिवाने बांधलेला जुडगा कडेकडेने गेला होता, दर दोन बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ, प्रत्येक गाठ आतल्या बाजूला, बाहेरून दिसू नये म्हणून. इतकं नीट काम करणाऱ्या माणसाबद्दल ते म्हणतात, घरी बसून पानं भरली. काल अठ्ठ्याण्णव होतं. परवा नाचत होतं. आज नाचतंय. तिने वही उघडली आणि आकडे सोडून तारखांवरून बोट फिरवलं. तीन डिसेंबर, दहा, सतरा, चोवीस, एकतीस. सात जानेवारी, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. चार फेब्रुवारी, अकरा. तिला त्या पाठ होत्या, झोपेत म्हणता आल्या असत्या. पण पाठ असलेली गोष्ट माणूस वाचत नाही. त्या तारखा तिने आजवर आपल्या तारखा म्हणूनच पाहिल्या होत्या. यंत्राच्या म्हणून आज पहिल्यांदा पाहिल्या. यंत्र शहाण्यासारखं वागलं होतं ते फक्त गुरुवारी.

तेवढ्यात पत्र्यापलीकडून चर्रर्र झालं. काच निळी उजळली आणि सहावीवर एकशे चौदा आलं. पलीकडे दत्तोबाचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप होतं, दिवसभर वेल्डिंग. तो आवाज शेडमध्ये कुणाला ऐकूच येत नसे, जसा रोजचा कावळा ऐकू येत नाही. पुन्हा चर्रर्र. सत्त्याऐंशी. थांबला. अठ्ठ्याण्णव. कस्तुरा स्टुलावर चढली आणि पत्र्यावर पाना आपटला.

"ओ दत्तोबा! जरा थांबा!"

"आता काय थांबू, कस्तुराबाई! गेट उद्या न्यायचंय, पार्टीच्या घरचं लगीन हाय!"

"लगीन उद्या हाय ना? मग मी हाक मारीन तवाच पेटवा. धाच मिनिटं."

"आन् हाक न्हाई मारली तर?"

"तर बसा की! फुकटचं बसायला मिळतंया, तर रडतुया मानूस," चिमाबाई बाकावरून ओरडली, आणि पलीकडे दोघं-तिघं हसले.

दत्तोबा हाकेसरशी पेटवत राहिला आणि कस्तुरा पेटीत डोकं घालून बसली. पेटव, नाचला. थांब, बसला. तिने जुडग्यावरून हात फिरवत नेला. पुढून मागे, गाठीगाठीवरून, आणि मागच्या कोपऱ्यात तिचा हात एका वेटोळ्याला लागला. वीतभर वायर जास्तीची, नीट गोल गुंडाळून, दोऱ्याने बांधून, ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर ठेवलेली. सहावीची. "पेटवा!" आकडा उडाला. तिने वेटोळं दोन बोटांनी वर उचललं. अठ्ठ्याण्णव. खाली ठेवलं. एकशे सात. उचललं. अठ्ठ्याण्णव. पलीकडे वेल्डिंग चर्रचर्र चालूच होतं, आणि तिच्या हातात ते वेटोळं होतं तोवर आकडा मुलासारखा शांत झोपला होता.

तिने ते पुन्हा खाली ठेवायला हवं होतं, खात्री करायला. ठेववेना. वेटोळं कशासाठी होतं ते तिला कळलं होतं. आठ वर्षांपूर्वी झाडू सोडून ती बाकावर बसली तेव्हा प्रत्येक वायर मापात कापायची. ज्या घरात तेलाचा थेंबसुद्धा बोटाने पुसून घ्यायचे त्या घरातली बाई, जास्तीचं सोडायचं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. मग जोड जळला की वायर पुरायची नाही, सगळी फेकावी लागायची, आणि तेव्हाचा सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलायचा. भिवा एकदा येऊन हळूच म्हणाला, "वायरीला माहेर ठेवावं, बाई. जळली, तुटली, तर मागे यायला जागा पाहिजे." तिचं माहेर आई गेली तेव्हाच संपलेलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण ती काही क्षण मान वर करीना, तेव्हा त्याला कळलं असावं, कारण पुढे कधी तो ते हसत बोलला नाही. तेव्हापासून माहेर ठेवायची शेडची रीतच झाली. या यंत्रात त्याने सगळ्यांना बोटबोटभर ठेवलं आणि सहावीला वीतभर, कारण सहावीचं टोक त्याने तिला करायला दिलं होतं. "ही तू दोनदा जाळणार," तो म्हणाला, "म्हणून तुला जास्त." तिने एकदाच जाळली होती. उरलेलं तसंच राहिलं. त्याने ते वाया जाऊ नये, पायात येऊ नये, म्हणून प्रेमाने गुंडाळून सगळ्यात सुरक्षित दिसणाऱ्या जागी ठेवलं, आणि ते वेटोळं तिथे बसून पलीकडच्या जगाची प्रत्येक ठिणगी ऐकत राहिलं. गुरुवारी ठिणग्या नव्हत्या. गुरुवारी जग बंद असायचं, म्हणून सगळं जागच्या जागी असायचं, आकडेही आणि ती दोघंही. आणि यंत्र चांगलं झालंय अशी दोघांची खात्रीच झाली. शुक्रवारी ते चालवून बघायचं दोघांतल्या एकालाही सुचलं नाही.

चिमाबाई उठून मागे येऊन उभी राहिली होती. "घावलं?"

"घावलं."

"कुनाची चूक?"

कस्तुराने कटर उचललं. वेटोळ्याची गाठ सोडायला गेली तर नखाने सुटेना, भिवाची गाठ. म्हणून गाठीसकट कापलं, मापात, पहिल्या वर्षी कापायची तसं, आता जळली तर मागे यायला जागा नाही असं. टोकाला टोक घट्ट पीळ घालून जोडलं. तिचा हात एकदाही हलला नाही, आणि याचंच तिला वाईट वाटलं. मग बाकीच्या सहा वायरींची बोटबोटभर वेटोळी. सात तुकडे झाले. "दत्तोबा, पेटवा आता! काय पेटवायचं ते पेटवा!" पलीकडे निळा उजेड फुटला, पत्रा थरथरला, आणि काचेवर एकामागून एक सात दारांत अठ्ठ्याण्णव आलं, आठव्यात शून्य.

पावणेचारला यशवंतराव आले. दहा मिनिटं ते नुसते आकड्यांकडे बघत राहिले, वेल्डिंगचा आवाज ऐकत. कस्तुराने कापलेलं वेटोळं दाखवलं, कसं पकडतं ते सांगितलं, मग वही उघडून तारखांवर बोट ठेवलं. "साहेब, समदे गुरुवार हायेत. त्या दिशी वेल्डिंग बंद. म्हणून अठ्ठ्याण्णव. भिवाभाऊंनी घरी बसून न्हाई लिवलं. जे दिसलं त्येच लिवलं."

यशवंतरावांनी तारखा मनातल्या मनात मोजल्या. चष्मा काढला, पुसला, लावला. "पटतं," ते म्हणाले. "वायरिंगची चूक आहे, पण प्रामाणिक चूक आहे. तेवढं मी लिहीन." पान उलटता उलटता थांबले. "पण कस्तुराबाई, तो इंजिनियर हेच विचारणार. हे आठ आकडे पाच-पाच सेकंदांनी बदलतात. एकटा माणूस वाचून लिहूच शकत नाही. म्हणजे वाचलं कुणीतरी असणार. नाहीतर ही पानं पुन्हा तिथेच जातात. गुरुवारी इथे कोण होतं?"

तोच प्रश्न. देहूरोडच्या खोलीतला, सुजलेल्या डोळ्यांनी विचारलेला. कस्तुराला वाटलं, तो तिथून चालत इथवर आलाय, महिनाभर, पायी. तिला कौशल्याबाईचे हात आठवले, खरखरीत आणि गरम. इथे बोललेली गोष्ट तिथे पोचायला किती दिवस लागतील ते तिने मोजलं. दोन, फार तर तीन. एका बाजूला त्या बाईच्या नवऱ्याचं नाव होतं, दुसऱ्या बाजूला त्याच बाईचे उरलेसुरले गुरुवार. दोन्ही एकदम राखता येतील अशी जागा तिला दिसेना. आणि मग तिला जाणवलं की आपण गप्प आहोत ते कौशल्याबाईसाठी नाही. एकदा सांगितलं की अकरा गुरुवार सगळ्यांचे होतील, चिमाबाईचे, दत्तोबाचे, बसमधल्या बायकांचे. आज ते निदान तिच्या एकटीचे होते. एवढंच तिच्याकडे होतं. भिवाकडे आता नावाशिवाय काही नव्हतं.

"मी होते," ती म्हणाली.

पत्र्यापलीकडे दत्तोबाने नवीन कांडी लावायला वेल्डिंग थांबवलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

यशवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. "अकराही दिवस?"

"अकराही. मी वाचायची, ते लिवायचे."

त्यांनी आपलं शाईचं पेन उघडलं, टोपण मागे लावलं आणि वही तिच्याकडे फिरवून बाकावर ठेवली. "मग वाचणाऱ्याची सही करा. खाली आजची तारीख घाला."

ती बसली. तिची सही चौथीतल्या पोरीसारखी होती, प्रत्येक अक्षर वेगळं काढून वर रेघ द्यायची, वेळ लागायचा. तीन डिसेंबरच्या पानावर भिवाच्या तिरप्या सहीशेजारी तिने पहिली केली. शाई ओली चमकत होती, आणि त्याची वाळून तपकिरी पडलेली. पान उलटलं. दहा डिसेंबर. सतरा डिसेंबरला तिचं अक्षर डोळ्यांसमोर पसरायला लागलं, पण वहीवर नीट होतं. कापलेले सात तुकडे तिच्या डाव्या मुठीत होते. कुठे ठेवायचे ते न कळून तिने ते जेवणाच्या डब्याच्या रिकाम्या पुडात टाकले होते आणि परत काढले होते.

"सावकाश कर गं," चिमाबाई म्हणाली. तिने पातेल्यातली टोकं एका हाताने वर काढून बाजूला ठेवली, चहाच्या पुडीचा डबा शोधला आणि त्याच पाण्यात दोन चमचे टाकले. "कौशल्याकडं आपून दोघी जाऊ रविवारी. लोकांच्या तोंडून कळायच्या आधी." मग पाण्याकडे बघत, "काय काय खाल्लं, हसला का, समदं सांग तिला."

कस्तुराने मान डोलावली आणि चौथं पान उलटलं.